१९३९ चा रुपया आणि बळकावलेलं खातं

अंबाजोगाईच्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी परदेशातल्या एका लिलाव-संकेतस्थळावर १९३९ सालचा चांदीचा रुपया बोली लावून जिंकला. किंमत ३४० पौंड, म्हणजे आपले ३६ हजारांच्या घरात. विक्रेत्याचं खातं २००९ पासूनचं, गिऱ्हाइकांचे अकराशेच्या वर शेरे, सगळे चांगले. घरी आलं ते चांदीचा मुलामा दिलेलं खोटं नाणं. आणि इंग्लंडमधल्या ज्या बाईंच्या नावावर ते विकलं गेलं, त्यांनी ते नाणं डोळ्यांनीही पाहिलेलं नव्हतं. त्यांचं खातं दुसऱ्याच कुणीतरी बळकावलं होतं.

मीही नाणी जमवणाऱ्यांपैकी आहे. सरांनी संकेतस्थळाकडे पैसे परत मागण्याचा दावा लावला तेव्हा कागदपत्रं जुळवायला मी सोबत होतो. त्यांच्या परवानगीने हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. त्यांचं, संकेतस्थळाचं आणि बँकेचं नाव देत नाही, त्याने मुद्द्यात काही फरक पडत नाही. हे लिहावंसं वाटलं त्याचं कारण एकच. ऑनलाइन खरेदीबद्दल सगळे एक सल्ला देतात, की फीडबॅक, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकांचे शेरे, बघून घ्या. सरांनी फीडबॅक बघूनच घेतलं होतं.

आधी नाण्याबद्दल, कारण फसवणारा नेमकं हेच नाणं का निवडतो ते कळायला हवं. आमच्या भागात जुन्या घरांच्या फडताळांतून आजही दोन तऱ्हेचे रुपये निघतात. एक हाली, चारमिनार छापलेला, निजाम सरकारचा. दुसरा कलदार, इंग्रज राजाच्या मुखवट्याचा. निजामाच्या अमलात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत, इथं घोडदळाची छावणी होती. सात हालीला सहा कलदार हा हिशेब जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकायला मिळतो. हालीचं वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास, कलदार ११.६६ ग्रॅमचा, आणि चांदीचा कसही कलदारचा जास्त. सरांचा संग्रह आजीच्या गाठोड्यातल्या अशाच मिसळ नाण्यांपासून सुरू झाला. पुढे त्यांनी सहाव्या जॉर्जच्या कलदार रुपयांची मालिका पुरी करायला घेतली. अल्बममध्ये १९३८ आहे, १९४० पासून पुढचे सगळे आहेत, १९३९ चं घर रिकामं.

ते बहुतेकांचं रिकामंच असतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोक चांदीचे रुपये दाबून ठेवू लागले, आणि १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. जुन्या कसाचा १९३९ चा रुपया लोकांच्या हातात फारच थोडा गेला. मात्र त्याच ठशाचा १९३८ चा रुपया सहज मिळतो. त्यामुळे १९३८ मधला ८ कोरून त्याचा ९ करणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. दुसरी युक्ती साच्यातून अख्खं नाणंच नवं पाडण्याची. गिऱ्हाईक हळवं, माल दुर्मीळ, आणि अस्सल नग हाताळलेली माणसं मोजकी. ठगाला याहून सोयीचं काही नाही.

त्या रुपयाचं लिस्टिंग, म्हणजे विक्रीचं पान, गुरुवारी आलं. लिलाव तीन दिवसांचा, रविवारी रात्री आपल्या वेळेप्रमाणे अकराच्या सुमारास संपणारा. दोन फोटो, एका ओळीचं वर्णन. देशातला व्यापारी सांगत होता त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीवर बोली रेंगाळत होती. सरांनी खात्याचं वय पाहिलं, शेऱ्यांचा आकडा पाहिला, टक्केवारी पाहिली आणि बोली लावली.

आता त्याच पानावर आणखी काय काय लिहिलेलं होतं ते सांगतो. हे सगळं लिलाव चालू असताना कुणालाही दिसत होतं.

शेरे अकराशे होते, पण कशाबद्दल? मी ते पान खालपर्यंत वाचत गेलो. जुनी चित्र-पोस्टकार्डं, रेल्वेची जुनी वेळापत्रकं, अधूनमधून एखादं जुनं पुस्तक. वीस पौंडांच्या वरची विक्री क्वचितच. एकाही शेऱ्यात नाणं नाही. आणि शेवटचा शेरा चौदा महिन्यांपूर्वीचा. चौदा महिने या खात्यावर काही हललं नव्हतं. मग एकाएकी दोन दिवसांत पन्नासच्या वर वस्तू लागल्या. सोन्याची नाणी, मनगटी घड्याळं, कॅमेऱ्याच्या लेन्स. सगळे लिलाव तीन दिवसांचे. एक फोटो हिरव्या कापडावर, दुसरा लाकडी टेबलावर, तिसरा कुणाच्या तळहातावर, आणि प्रत्येकात उजेड वेगळा. एका घरातून निघालेल्या वस्तूंचे फोटो असे नसतात.

वर्णनाची भाषाही बदलली होती. जुन्या लिस्टिंगमध्ये बाई मनापासून लिहायच्या. कार्डाचा कोपरा कुठं दुमडलाय, मागच्या बाजूला कुणाचा मजकूर आहे, पाकिटात पुठ्ठा घालून पाठवीन वगैरे. नव्या लिस्टिंगमध्ये नाव, साल आणि ‘उत्तम स्थिती’, बस. दुकानाची पाटी जुनी होती, गल्ल्यावर बसलेला माणूस नवा होता. फीडबॅक पाटीला मिळालेला असतो, ही एवढी गोष्ट ध्यानात घेतली तर उरलेलं बरंच आपोआप दिसायला लागतं.

तीनच दिवस का, यालाही कारण आहे. खात्याच्या खऱ्या मालकाला सुगावा लागेपर्यंत किंवा संकेतस्थळाला संशय येईपर्यंत चोराला उणीपुरी काही दिवसांची सवड मिळते. तेवढ्यात बोली लागून पैसे हातात यायला हवेत. इमानदार विक्रेत्याला जास्त दिवसांचा लिलाव फायद्याचा, कारण तेवढे जास्त लोक बघतात. दुर्मीळ नाणं कुणी घाईघाईने विकत असेल तर ती घाई कुणाची, हे विचारायला हवं.

फोटोची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. नाण्याचा फोटो मोबाइलवर गूगल लेन्समध्ये किंवा टिनआय या साइटवर टाकला, की तोच फोटो आधी कुठं वापरलाय का ते बरेचदा सापडतं. चोर एरवी शोध चुकवायला फोटो आरशातल्यासारखा उलटा करतात. नाण्याच्या बाबतीत ते जमत नाही, कारण अक्षरं उलटी दिसतील. फार तर कडा कापतात, थोडं फिरवतात. सरांच्या नाण्याचा फोटो आम्हाला एका जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये सापडला. राजाच्या नाकासमोर कडेला एक बारीक खाच होती, ती दोन्हीकडे तंतोतंत तीच. प्रत्येक जुन्या नाण्यावर असे ओरखडे असतात आणि दोन नाण्यांचे कधी जुळत नाहीत. हा शोध दोन मिनिटांत लागला. बोलीच्या आधी घेतला असता तरी तेवढाच वेळ लागला असता.

लिलाव जिंकल्यावर सोमवारी विक्रेत्याचा निरोप आला. संकेतस्थळ फार कमिशन कापतं, थेट बँकेत पैसे पाठवा, दहा टक्के कमी घेतो. सर शाखेत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म पुढे केला, पॅन मागितला, कशासाठी पाठवताय त्याचा कोड विचारला, समोरच्याचं पूर्ण नाव आणि आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खात्याचा नंबर मागितला. आयबॅनची पहिली दोन अक्षरं खातं कुठल्या देशात आहे ते सांगतात. इंग्लंडच्या खात्याला जीबी. सरांना दिलेला नंबर एलटीने सुरू होत होता, म्हणजे लिथुएनिया. खातेदाराचं नावही विक्रेत्याच्या नावाशी जुळत नव्हतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एखाद्याचं खातं दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे असू शकतं, त्यामुळे नुसत्या एलटीवरून काही शाबीत होत नाही. नाव वेगळं असणं मात्र गंभीर होतं. अधिकारी म्हणाला, “सर, इन्व्हॉइस आणा, मग बघू.” इन्व्हॉइस मागितल्यावर विक्रेता टोलवाटोलवी करू लागला.

त्या फॉर्मने सरांचे पैसे वाचवले, असं मी ठामपणे म्हणतो. बँकेच्या कागदांचा आपण वैताग करतो, पण इथं त्याच कागदांमुळे दोन दिवस गेले आणि सरांच्या पुण्यातल्या मुलाचा फोन आला, “दादा, बाहेर पैसे पाठवू नका. साइटवरच माझ्या कार्डाने भरतो.” २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला तेव्हापासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. मुलाने ॲपमधून ते सुरू केले, रक्कम भरली, पुन्हा बंद केले. विक्रेत्याने थेट पैसे का मागितले होते, तेही पुढे कळलं. बरीच लिलाव-संकेतस्थळं खात्यावर एकदम वेगळी हालचाल दिसली की विक्रेत्याचे पैसे काही दिवस अडकवून ठेवतात. चोराला तेवढे दिवस परवडत नाहीत. म्हणून तो गिऱ्हाइकाला साइटच्या बाहेर ओढतो, आणि बाहेर गेलेल्या व्यवहाराला साइटचं संरक्षण लागू होत नाही.

पाकीट आलं ते साधंच होतं, पण त्याच्यावर भरपूर मजकूर होता. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नंबरची रचना जगभर एकसारखी असते. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी दोन अक्षरं, आणि ती शेवटची दोन अक्षरं टपाल कुठून निघालं ते सांगतात. इंग्लंडहून निघालेल्या पाकिटावर जीबी असायला हवं होतं, इथं सीएन होतं. पाकीट चीनमधून निघालं होतं. कस्टमसाठी चिकटवलेल्या सीएन २२ या चिठ्ठीवर (हे फॉर्मचं नाव, चीनशी त्याचा संबंध नाही) पाठवणाऱ्याने लिहिलं होतं, धातूचा बॅज, किंमत चार डॉलर. ट्रॅकिंग नंबर विक्रेता आधीच देतो. म्हणजे पाकीट हातात पडायच्या कितीतरी आधी, नंबर मिळाल्या दिवशीच, ही विसंगती दिसू शकते.

चोराने काहीतरी पाठवलंच कशाला, असा प्रश्न पडेल. काहीच पाठवलं नाही तर ‘माल मिळाला नाही’ अशी सरळ तक्रार होते आणि ती गिऱ्हाईक जिंकतो. चार डॉलरची वस्तू पाठवली की ट्रॅकिंगवर ‘पोचलं’ असं दिसतं. मग वाद ‘मिळालं ते वर्णनाप्रमाणे आहे की नाही’ या अवघड वळणावर जातो आणि शाबीत करण्याचं ओझं गिऱ्हाइकावर पडतं. याचीच दुसरी तऱ्हा अशी, की पाकीट त्याच गावातल्या भलत्याच पत्त्यावर पाठवायचं. ट्रॅकिंगवर गाव आणि पिनकोड बरोबर दिसतो, पाकीट मात्र तुमच्याकडे येत नाही. तसं झालं तर आपल्या टपाल कार्यालयात जाऊन पाकीट कुठल्या पत्त्यावर दिलं याचं लेखी मागावं.

सरांचं नाणं आम्ही ओळखीच्या सराफाकडे नेलं. त्याच्याकडच्या काट्यावर ते १०.९४ ग्रॅम भरलं. अस्सल नाणं वापराने झिजतं, पण नवं कोरं दिसणारं नाणं पाऊण ग्रॅम हलकं भरत नाही. मग पाण्याची परीक्षा केली. ती घरीही करता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा भिंतीला टेकू द्यायचं नाही. काट्यावर जो आकडा येतो तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागलं की घनता मिळते. सरांच्या नाण्याचा आकडा आला १.२४, म्हणजे घनता ८.८. कलदारच्या कसाची चांदी १०.३ च्या आसपास असायला हवी. गणिताच्या शिक्षकांनी भागाकार स्वतः केला, दोनदा केला आणि वही बंद केली. सराफ म्हणाला, “सर, ह्याच्यात चांदी फक्त वरून हाय.” तुलनेला सरांचाच १९३८ चा रुपया त्याच पेल्यात बुडवला, तो १०.३ आला. कडेवरचे दातेही खोट्या नाण्यावर बोथट होते, आणि भिंगाखाली राजाच्या मानेवर साच्यातल्या हवेचे बारीक खड्डे दिसत होते.

ही सगळी परीक्षा आम्ही मोबाइलवर चित्रित केली. काट्याचा आकडा, नाणं, पाकीट आणि सीएन २२ ची चिठ्ठी एका चौकटीत दिसेल असे फोटो घेतले. सराफाने आपल्या लेटरहेडवर वजन आणि घनता लिहून सही-शिक्का दिला. दाव्यात हेच कामाला आलं. ‘मला नाणं खोटं वाटतं’ या वाक्याला तिथं किंमत नसते. ‘प्रमाणित वजन ११.६६, मिळालेलं १०.९४, घनता १०.३ ऐवजी ८.८, टपाल इंग्लंडऐवजी चीनमधून’ याला असते.

दावा लावल्यावर चोराचा सूर एकदम मऊ झाला. वीस टक्के परत देतो, नाणं ठेवून घ्या. नंतर तीस टक्के. मग घरी आजारपण आहे, पंधरा दिवस थांबा. यातली मेख मुदतीत आहे. अशा संकेतस्थळांवर वस्तू मिळाल्यापासून ठराविक दिवसांतच तक्रार घेतात. ईबे या लिलाव-साइटवर ती मुदत ३० दिवसांची आहे. थोडी रक्कम स्वीकारली की प्रकरण मिटलं असं धरलं जातं, आणि थांबलात तर मुदत उलटते. सरांनी एकाही निरोपाला साइटच्या बाहेर उत्तर दिलं नाही आणि पूर्ण रकमेशिवाय काही मान्य केलं नाही. भिडेखातर माणूस इथं घसरतो. समोरचा आजारपणाचं सांगतो आणि आपल्याला लगेच वाईट वाटतं.

याच सुमारास सरांच्या पुतण्याने एक बातमी वाचली आणि तो म्हणाला, तीन दिवसांत बँकेला कळवलं तर बँक भरून देते. हा गैरसमज मला अनेक ठिकाणी भेटलाय. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दल. तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा नाही. इथं पैसे मुलाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने भरले होते. अशा वेळी कार्डाचा वेगळा रस्ता असतो, चार्जबॅकचा, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा. बनावट माल मिळाला हे व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांत वादाचं मान्य कारण आहे. बँकेकडे लेखी वाद नोंदवावा लागतो. पण आधी साइटकडचा दावा पुरा होऊ द्यावा. दोन्ही एकदम लावले तर साइट बहुधा आपला दावा बंद करून टाकते. यूपीआयने किंवा बँकेतून थेट स्वतः पाठवलेल्या पैशाला असं मागे फिरायचं दार जवळपास नसतंच.

आता त्या बाईंबद्दल. त्यांचा मुलगा आम्हाला साइटच्या निरोपातून भेटला, कारण त्यांनाही आमच्यासारखे बरेच संतापलेले गिऱ्हाईक येऊन धडकत होते. आईचं वय झालं, विक्री थांबली, पण खातं तसंच राहिलं. पासवर्ड वर्षानुवर्षं एकच, आणि तोच आणखी दोन-तीन ठिकाणी वापरलेला. कुठल्यातरी दुसऱ्याच साइटवरून तो फुटला असावा, असं त्याला वाटत होतं. चोराने आधी त्यांच्या ईमेलमध्ये शिरून एक नियम लावला होता, की लिलाव-साइटकडून आलेलं प्रत्येक पत्र परस्पर कचऱ्यात जाईल. त्यामुळे ‘तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून प्रवेश झाला’, ‘बँक खातं बदललं’ अशा सूचना येऊनही बाईंना दिसल्या नाहीत. नंतर पैसे जमा होणारं बँक खातं बदललं, आणि लिस्टिंग लावली.

खातं बळकावण्याच्या इतरही वाटा आहेत. विक्रेत्याला गिऱ्हाईक म्हणून निरोप येतो, ‘तुमच्या वस्तूसारखीच ही आहे का, बघा’, सोबत लिंक. ती उघडली की लॉगिनचं हुबेहूब खोटं पान. २०१४ मध्ये ईबेवरच्याच काही लिस्टिंगमध्ये असा कोड दडवलेला सापडला होता, की क्लिक करणारा थेट खोट्या लॉगिन पानावर जायचा. त्याच वर्षी मे महिन्यात ईबेने जाहीर केलं, की कर्मचाऱ्यांच्या लॉगिनचा वापर करून हल्लेखोर माहितीसाठ्यापर्यंत पोचले. साडेचौदा कोटी वापरकर्त्यांना तेव्हा पासवर्ड बदलायला सांगितलं गेलं. एवढ्या मोठ्या, सगळी साधनं हाताशी असलेल्या कंपनीची ही गत. म्हणून ‘मोठी साइट आहे, काही होत नाही’ हे मी कुणाकडून ऐकून घेत नाही.

निकाल असा लागला. बाईंच्या मुलाने खातं परत मिळवलं आणि खातं चोरीला गेल्याचं साइटला लेखी कळवलं, आमचे कागद आधीच तिथं होते. साइटने नाणं परत पाठवायला न लावता पूर्ण ३४० पौंड कार्डावर परत केले. परकीय चलनासाठी बँकेने कापलेलं शुल्क आणि दरातला फरक मात्र आला नाही. सरांनी cybercrime पोर्टलवर, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल आणि ६६-डी संगणकावरून तोतयेगिरीने फसवण्याबद्दल आहे, दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण चोर कुठल्या देशात बसलाय हेच माहीत नसेल तर तपास अवघड आहे, ते आम्हाला मान्य आहे. देशातल्या देशात पैसे गेले असते तर लगेच १९३० ला फोन करायला हवा होता. तिथं पहिले काही तास फार मोलाचे, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खात्यात रोखता येतात.

एक उपप्रकरण सांगायलाच हवं. सरांनी आपला अनुभव नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्यावर दोनच दिवसांत त्यांना फोन आला, “पैसे परत मिळवून देतो, आधी पाच हजार फी भरा.” फसलेल्या माणसाची यादी पुढच्या ठगाकडे जाते, हे इतक्या लवकर घडेल असं मलाही वाटलं नव्हतं. नाण्यांच्या बाबतीत हे आणखी एका वळणाने येतं. ‘तुमच्याकडचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी कर भरा’ असं सांगणारे रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर पत्रक काढून सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात तिचा काही संबंध नाही आणि ती असलं कमिशन कधी मागत नाही. परळी, केज, धारूर, कुठंही विचारा, हा फोन आलेला माणूस सापडेल.

आमच्या ग्रुपमध्ये या प्रकरणानंतर काही गोष्टी ठरल्यासारख्या झाल्या आहेत. महाग नाण्यावर बोली लावण्याआधी तोच फोटो आधी कुठं वापरलाय का ते शोधायचं, आणि विक्रेत्याला नवा फोटो मागायचा. नाणं वजनकाट्यावर ठेवून, शेजारी चिठ्ठीवर त्या दिवशीची तारीख लिहून. ज्याच्या हातात नाणं नाही तो हा फोटो देऊ शकत नाही, आणि ज्याच्या हातात खोटं आहे त्याला काट्याचा आकडा लपवता येत नाही. दहा विक्रेत्यांपैकी एखादा रागावेल, रागावू दे. प्लास्टिकच्या सीलबंद डबीत ग्रेडिंग कंपनीचं, म्हणजे नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीचं, प्रमाणपत्र असेल तरी त्यावरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो ताडून बघायचा, कारण डब्याही खोट्या बनतात. लिलाव हरल्यावर ‘पहिल्याने माघार घेतली, तुम्हाला दुसरी संधी’ असं ईमेल आलं तर त्यातली लिंक दाबायची नाही. खरोखर संधी असेल तर ती साइटमध्ये लॉगिन केल्यावर निरोपांत दिसेल.

आणि आमच्यातले जे विकतात त्यांनाही सांगून ठेवलंय. जुनं, न वापरलेलं खातं बंद करून टाका. चालू खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावा, खात्याच्या आधी ईमेललाही लावा. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंगचे नियम उघडून बघा, तुम्ही न लावलेला नियम दिसला तर कुणीतरी आत येऊन गेलंय. इंग्लंडच्या त्या बाईंच्या खात्यावर त्या आठवड्यात पडलेले वाईट शेरे हटवून घ्यायला त्यांच्या मुलाला एकेका वस्तूसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आहे. सरांनी स्वतःचा शेरा आधीच मागे घेतला आहे आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना साइटवरून तसंच करण्याची विनंती पाठवली आहे. सात-आठ जणांनी ती मानली, काहींचे पैसे अजून अडकलेले आहेत म्हणून ते थांबले आहेत.